मुंबईत न चालणारा रुपया

वाचकहो, असिमोन आपल्याला आठवत असेलच. मधोमध भोक असलेला तो तुकडा सार्वजनिक टेलिफोनपुरताच होता. पहिल्या महायुद्धात सुट्या पैशांची टंचाई झाली, तेव्हा जर्मनीतल्या नगरपालिकांनी, कारखान्यांनी आणि दुकानांनीही आपापले पैसे काढले. ते आसपासच्या भागातच चालत. आपल्या भारतीय रुपयाचेही एकदा असेच झाले होते. ती हकीकत कुवेतची आहे.

कुवेतच्या बाजारात पूर्वी भारतीय रुपयाच चाले. पण आखातातून भारतात चोरटे सोने येई आणि त्याची किंमत म्हणून रुपयांच्या नोटा तिकडे जात. त्या नोटा बँकांमार्फत भारतात परत येत व त्यांच्या बदल्यात रिझर्व्ह बँकेला पौंड द्यावे लागत. अशी परकीय गंगाजळी आटू लागली.

म्हणून १९५९ साली कायदा बदलून आखातासाठी १, ५, १० व १०० रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या. सिंहमुद्रा तीच, रंग मात्र निराळा. भारतात दहाची नोट जांभळी, तिकडची लाल. शंभराची इथे निळी, तिकडे हिरवी. क्रमांकाआधी इंग्रजी 'झेड' हे अक्षर असे. या नोटा भारतात कायदेशीर चलन नव्हत्या. म्हणजे कुवेतमध्ये राबून मिळवलेला रुपया मुंबईच्या वाण्याला देता येत नसे!

कुवेतने १ एप्रिल १९६१ रोजी स्वतःचा दिनार सुरू केला. एका दिनाराला १३ रुपये ५ आणे ४ पै असा भाव ठरला. हा विचित्र आकडा कुठून आला? आपण शाळेत केलेले गणित आठवा. दिनार पौंडाच्या बरोबरीचा होता. पौंडाचे २४० पेन्स, रुपयाचे १८. भागाकार करून पाहा. दिनाराचे १००० फिल्स असल्याने एका रुपयाचे बरोबर ७५ फिल्स होत.

पुढे ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले आणि पौंड २१ रुपयांवर गेला. मग आखातातल्या उरलेल्या राज्यांनीही रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७०पर्यंत टिकला. कागद तोच राहतो, किंमत असते ती त्यामागे उभे राहणाऱ्याच्या शब्दाला.

आपल्यापैकी कुणाच्या जुन्या ट्रंकेत अशी लाल दहाची नोट सापडली, तर रद्दी समजून टाकू नका. आधी 'झेड' शोधा आणि नातवंडांना जवळ बसवून हे गणित करायला सांगा.