कान्सूच्या घरांतील आंबट पाणी



भात वेळल्यावर निघणारी पेज आपल्याकडे कांहीं घरीं मीठ घालून पितात, पुष्कळ घरीं ती मोरींत ओतून देतात. चीनच्या वायव्येस कान्सू नांवाचा प्रांत आहे. तेथें शेवया उकळून उरलेल्या पाण्यावर एक संबंध खाद्यपरंपरा उभी राहिली आहे. त्या पदार्थाचें नांव ‘ज्यांगश्वे म्येन’. ‘ज्यांगश्वे’ म्हणजे आंबवलेली पेज, आणि ‘म्येन’ म्हणजे गव्हाच्या पिठाच्या शेवया. आज त्याची हकीकत सांगावयाची आहे. मात्र ती शेवयांपेक्षां त्या पाण्याचीच अधिक आहे.

प्रथम तो प्रदेश कसा आहे तें पाहूं. कान्सूची राजधानी लांचौ हें शहर पीत नदीच्या कांठीं, समुद्रसपाटीपासून सुमारें १,५०० मीटर उंचीवर वसलें आहे. भोंवतालीं वाऱ्यानें वाहून आणलेल्या पिंवळ्या मातीचे डोंगर आहेत. पाऊस वर्षाकांठीं ३०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या पुण्याच्या निम्म्याहूनहि कमी पडतो. डोंगरांतील खेड्यांत लोक पावसाचें पाणी जमिनीखालच्या हौदांत सांठवून त्यावर दिवस काढीत आले. जेथें पाण्याला इतकी किंमत, तेथें पिठाचा अंश उतरलेलें पाणी फेंकून देणें कोणाला परवडणार?

आतां कृति. सेलरी, कोबी, मोहरीचा पाला, लसूणघास, अथवा वसंतांत रानांत उगवणारी एखादी कडसर पालेभाजी, यांपैकीं जें मिळेल तें स्वच्छ धुवून उकळत्या पाण्यांतून काढावयाचें व मातीच्या रांजणांत घालावयाचें. शेवया उकळून पांढुरकें झालेलें पाणी त्यावर ओतावयाचें, आणि जुन्या रांजणांतलें थोडें आंबट पाणी त्यांत विरजण म्हणून मिसळावयाचें. उन्हाळ्यांत दोन-तीन दिवसांत पाणी आंबतें. त्यांत मीठ नाहीं, शिरका नाहीं, तेल तर मुळींच नाहीं. तेलकट पळी रांजणांत बुडवावयाची नाहीं, असा घरोघरचा कडक नियम आहे.

या क्रियेंत गूढ असें कांहीं नाहीं. पिठांतील व भाजींतील शर्करेवर दुग्धाम्ल निर्माण करणारे सूक्ष्म जंतु पोसले जातात. आम्ल वाढलें म्हणजे नासविणाऱ्या इतर जंतूंचा तेथें निभाव लागत नाहीं. आपलें दहीं विरजण्याचीच ही क्रिया आहे. फरक इतकाच कीं दुधाच्या जागीं पेज आहे. शेजारच्या सेचुआन प्रांतांत भाज्या मुरवितात त्या मिठाच्या पाण्यांत. कान्सूच्या रांजणाचें रक्षण आम्लच करितें.

परंतु हें रक्षण आपोआप चालत नाहीं. रांजणांतून जितकें पाणी काढावें, तितकें शेवयांचें ताजें पाणी त्यांत पुन्हां घालावें लागतें. कांहीं दिवस हयगय झाली कीं वर पांढरा थर येतो, वास पालटतो, आणि अखेर सारें पाणी टाकावें लागतें. मग शेजारणीकडे वाटी घेऊन विरजण मागावयास जावयाचें. आपल्याकडे दह्याचें विरजण संपल्यावर काय करितात हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रसंग निराळा समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

जेवणाच्या वेळीं थोड्या तेलांत वाळलेली तांबडी मिरची, लसूण आणि चिनी तिरफळ यांची फोडणी करून तें आंबट पाणी त्यांत ओततात व एक उकळी आणतात. आपल्या कोंकणांत माशांच्या आमटींत घालतात तें तिरफळ आणि हें चिनी फळ वनस्पतिशास्त्राप्रमाणें एकाच कुलांतील, अगदीं जवळचे भाऊबंद आहेत. हातानें लाटून बारीक कापलेल्या शेवया वाडग्यांत घालून त्यावर हें पाणी वाढतात. उन्हाळ्यांत तें निववून घेण्याची चाल आहे. घामानें थकलेल्या माणसाला तें आपल्या ताकासारखेंच वाटत असलें पाहिजे.

या पाण्याचें कूळहि जुनें आहे. ‘चौ-ली’ या प्राचीन ग्रंथांत राजाच्या सहा पेयांत ‘ज्यांग’ हें एक गणलें असून, पेयांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ‘ज्यांग-रन’ म्हटलें आहे. शेन्सी प्रांतांतील हानचुंग येथेंहि हा पदार्थ लोकप्रिय आहे. इ. स. पूर्व २०६ मध्यें हानचा राजा झालेला ल्यू पांग यानें तेथें तो खाल्ला, अशी दंतकथा तेथील लोक सांगतात. दंतकथा म्हणूनच ती ऐकावी.

अलीकडे या पाण्याकडे शास्त्रज्ञांचेंहि लक्ष गेलें आहे. त्यांतून वेगळ्या काढलेल्या एका जंतूमुळें उंदरांच्या रक्तांतील यूरिक अ‍ॅसिड कमी झालें, असा शोध २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. अर्थात् उंदरांवरील प्रयोग म्हणजे माणसांचें औषध नव्हे. संधिवाताच्या रोग्यांनीं यावर विसंबून राहूं नये.

आज लांचौच्या दुकानांत हें पाणी तयार विकत मिळतें, आणि शेवयाहि यंत्रावर होतात. सोय झाली, हें कबूल केलें पाहिजे. पण रांजणाचें अन्न म्हणजे घरीं उकळलेल्या शेवयांचें पाणी. ज्या घरीं शेवया उकळत नाहींत, तेथें रांजणाला घालावयास कांहीं उरत नाहीं. आणि जेथें रांजण नाहीं, तेथें शेजारणीला विरजण देतां येत नाहीं. पदार्थाची कृति पुस्तकांत लिहून ठेवितां येते. विरजण मात्र रोज सांभाळावें लागतें. आपल्याकडची आंबील आणि कांजी ज्यांच्या घरीं अजून होते, त्यांनीं या गोष्टीचा अवश्य विचार करावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.