मॅटखालचा पत्रा

"चाकरमान्याची गाडी आहे हो. गणपतीत आणि शिमग्यात चालते, एरवी अंगणात उभी." अंजनवेल परिसरात जुनी ओम्नी किंवा ईको बघायला गेलं की हे ऐकायला मिळतं, आणि घेणारा मीटरवरचे वीस हजार किलोमीटर बघून हरखतो. कमी चाललेली गाडी म्हणजे कमी झिजलेली गाडी, हा हिशेब घाटावर बरा आहे. इथे वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या वाऱ्यात तो चुकतो. हवेत सुमारे ७५ टक्क्यांहून जास्त दमटपणा असला की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे पत्र्यावर बसलेला खारा थर पाऊस नसतानाही ओला राहतो आणि गंज आपलं काम करत बसतो. रोज चालणारी, आठवड्याला गोड्या पाण्याने धुतली जाणारी साठ हजार किलोमीटरची गाडी मला त्यापेक्षा परवडेल. शिवाय उभ्या गाडीचे ब्रेक चिकटतात, वायरिंग उंदीर कुरतडतात, टायर नक्षी शाबूत असूनही कडक होतात. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

म्हणून आधी मॅट उचलायची. सरकत्या दाराचा खालचा रूळ, चाकांच्या कमानी, मागच्या दाराची कड, जॅक लावायची जागा. मग जमिनीवर गोणपाट टाकून गाडीखाली आडवं व्हायचं. लाज वाटून घेऊ नये, पैसे आपले जाणार आहेत. "आत्ताच अंडरकोटिंग करून घेतलंय" हे ऐकून अनेकांना धीर येतो. मला उलट शंका येते, कारण ताज्या काळ्या थराखाली काहीही झाकता येतं. पान्याच्या मुठीने हलकेच ठोकावं : चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. बाहेरून फ्रिजवरचं लोहचुंबक फिरवावं. जाड पुट्टीवर ते धरत नाही.

पुरात बुडालेली गाडी बघताक्षणी कळते, असंही लोक समजतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. तीच नदी अंजनवेलपाशी समुद्राला मिळते. त्यामुळे इथल्या गिऱ्हाइकाने तरी हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. धुऊन, नवी सीट कव्हरं घालून, सुगंधी बाटली टांगलेली गाडी छानच दिसते. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर आतल्या टोकाला गाळाचा डाग सापडतो, सीटच्या बोल्टांवर आणि फ्यूजबॉक्समध्ये गंज दिसतो. विमा कंपनीकडे आधीचे दावे विचारायला मालकाला सांगावं. तो टाळाटाळ करू लागला तर काय ते समजावं.

किल्ली फिरवताच सुरू झालं म्हणजे इंजिन ठणठणीत, असं नाही. तुम्ही येण्याआधी ते तापवून ठेवलेलं असू शकतं. या गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचला, हात जवळ न्या. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता परत जा. गार इंजिनातून निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून चार माणसं बसवून चढावर न्यावी; गिअर घालताना खालून 'टक्' वाजलं तर शाफ्टचा क्रॉस झिजला असण्याची शक्यता मोठी.

ओम्नी बंद झाली, आता पार्ट मिळणार नाहीत, ही भीती मात्र फुकाची. १९८४ पासून २०१९ पर्यंत ती बनत होती आणि तिचं ७९६ सीसीचं इंजिन मारुती ८०० च्याच घराण्यातलं. खरी उणीव वेगळी : एअरबॅग नाही, आणि समोर आपले गुडघे व बंपर यांत फारसं काही नाही.

कागदांकडे वळू. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडी भंगारात, हा नियम महाराष्ट्रात नाही. आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून मिळते. गाडी नावावर करण्याच्या टीटी फॉर्मवर सह्या झाल्या की गाडी आपली, हेही खरं नाही. घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओकडे अर्ज करायचा असतो. आणि विकणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये : गाडी विकलेली असली तरी नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच अंगावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटलं आहे. बँकेचं कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी, टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी झालेली हवी.

आणि चेसिस नंबर फोटोवरून नव्हे, गाडीवरच, टॉर्च मारून, बोट फिरवून वाचा. गंजाने आकडे खाल्ले असतील तर किंमत कितीही उतरली तरी ती गाडी सोडून द्या.