जुना लॅपटॉप, नवा पेंग्विन

ताईकडून माझ्याकडे आलेला २०१६ सालचा लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ने याला दारातच अडवलं. प्रोसेसर जुना! घरात नव्या लॅपटॉपचा विषय काढायची सोय नव्हती. मग एका रविवारी लिनक्स मिंट टाकायला बसले आणि घाईत 'इरेज डिस्क' निवडलं. वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये पहाटे चारला जाऊन केलेलं डॉक्युमेंटरीचं सगळं फुटेज गेलं. ग्रुपमधल्या दोघी आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हत्या.

तुमचं असं होऊ नये, म्हणून हा अनुभवाचा धडा.

आधी बॅकअप : विंडोज ठेवायचं असेल तर 'अलाँगसाइड'चा पर्याय निवडा. त्याआधी विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर अडकाल.

पेनड्राइव्ह दिसतच नाही : लॅपटॉप सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून बूट मेनू उघडा. प्रत्येक कंपनीचं बटण वेगळं. तरीही जमेना? डाउनलोड अर्धवट झालेलं असू शकतं, फाइल परत उतरवा. काही वेळा 'सिक्युअर बूट' आडवा येतो.

वाय-फाय गायब : काही वाय-फाय चिप्सचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. पण तो उतरवायला नेट कुठून आणायचं? फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा आणि 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. काम झालं!

स्क्रीन काळी : एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर हे होतं. सुरुवातीच्या मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. आत गेल्यावर योग्य ड्रायव्हर टाका.

घड्याळ साडेपाच तास मागे : दोन्ही सिस्टिम ठेवल्या की विंडोजमध्ये हा घोळ होतो. लिनक्स लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिलाच भारतीय वेळ समजतं. फरक बरोब्बर ५ तास ३० मिनिटं! लॅपटॉप बिघडलेला नाही, एक सेटिंग बदललं की झालं.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे इन्स्टॉल न करताही पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघता येतं. वाय-फाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा सगळं तपासा, मगच पुढे जा. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे मोफत धडे मराठीतही आहेत. आणि ज्या सीडॅकचं केंद्र आपल्या खारघरलाही आहे, त्यांनी 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्सच बनवलंय.

आमचं शूट? परत पहाटे चारला उठून केलं. एडिटिंग त्याच लॅपटॉपवर, मोफत मिळणाऱ्या केडेनलाइव्हमध्ये. यावेळी फुटेजच्या तीन कॉपी होत्या. त्यातली एक त्या दोघींकडे!