हुमल्यांची ओढाताण

पावसाळा सरून कलमांना कोवळी पालवी आली की आमच्या परसात हुमल्यांची नवी बांधकामं सुरू होतात. आंबे काढणाऱ्यांना या तांबड्या मुंग्या नको वाटतात. डसल्या की आम्ल सोडतात आणि आग आग होते. मी मात्र हाताशी येईल अशी फांदी हेरते आणि भिंग घेऊन बसते.

आधी नुसता गोंधळ दिसतो. कामकरी मुंग्या पानांवर पसरलेल्या. जिला जिथे जमेल तिथे ती जबड्याने कड धरून ओढू लागते. बहुतेक ठिकाणी पान दाद देत नाही. ती सोडून देते, दुसरीकडे धरते. पण एखादं टोक जरासं वळतं. लगेच आजूबाजूच्या आपापली ओढाताण टाकून तिथे येतात आणि ओळीने तीच कड पकडतात. पान आणखी वळतं, तशा आणखी येतात. कुठलं पान कुठे दुमडायचं ते असं त्या कडेवरच ठरतं. मुकादम कुणीच नाही. राणी तर बहुधा दुसऱ्याच घरट्यात असते. एका वसाहतीची घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात.

हार्वर्डमध्ये संशोधक राधिका नागपाल यांच्या गटाने २०१४ मध्ये असेच मुकादम नसलेले १०२४ चिमुकले रोबो एकत्र सोडले होते. प्रत्येकात तोच प्रोग्रॅम आणि बोलणं फक्त जवळच्यांशी. त्यांनी हळूहळू सरकत चांदणीचा आकार केला. हे काम मला फार मोलाचं वाटतं. तरी कोणता आकार हवा, ते त्या रोबोंना आधी सांगून ठेवावं लागलं होतं. हुमल्यांना नकाशा लागत नाही. पानं जशी असतील तसं घर होतं.

फट मोठी असली तर एक मुंगी दुसरीची कंबर जबड्यात धरते, दुसरी तिसरीची, आणि जिवंत साखळी पलीकडचं पान गाठते. पानं भिडली की ती तशीच घट्ट धरून ठेवायची आणि इतर जणींनी अळ्या आणायच्या. अळी तोंडात धरून मुंगी तिचं डोकं या पानाला टेकवते, मग त्या पानाला, धोट्यासारखं. अळीच्या तोंडातून रेशीम सुटतं आणि शिवण पांढरी होत जाते. इतर कित्येक मुंग्यांच्या अळ्या या रेशमाचा स्वतःपुरता कोश विणतात. हुमल्यांची अळी कोशाशिवायच वाढते. तिचं रेशीम सगळं घराला लागतं.