घणाचा ठोका आणि कृष्णाकाठची माती

सांगलीकडे कृष्णाकाठी विहीर काढणाऱ्याला खालचा क्रम ठाऊक असतो: वर मळीची जमीन नाहीतर काळी माती, मग मुरूम, मग कातळ. कातळ किती खोलीवर लागेल, हे मात्र खोदल्यावरच कळतं. न खोदता त्याचा अंदाज देतात त्या पृष्ठलहरी.

जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून तिच्यावर घण घालतात. ठोक्याची बरीचशी ऊर्जा खोल न जाता पृष्ठभागालगतच पसरते. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये गणिताने मांडलेल्या पृष्ठलहरी त्या याच. प्लेटपासून पुढे एका ओळीत, मीटर-दोन मीटर अंतराने, २४ जिओफोन, म्हणजे जमिनीची कंपनं टिपणारी उपकरणं, रोवलेले असतात. माणसाचं पाऊलही ते टिपतात, म्हणून ठोका पडताना सगळे जागच्या जागी थांबतात.

सगळी किमया लहरींच्या लांबीत आहे. सेकंदाला ४० कंपनं करणारी लहर मऊ मातीतून सेकंदाला १२० मीटर वेगाने गेली, तर तिची लांबी ३ मीटर भरते. लांबीच्या साधारण तिसऱ्या ते निम्म्या हिश्श्याइतकी खोली तिच्या आवाक्यात येते. म्हणजे एक-दीड मीटर, निव्वळ माती. सेकंदाला १० कंपनांची लहर २५० मीटर वेगाने गेली, तर लांबी २५ मीटर, आणि तिला आठ-बारा मीटरवरचा मुरूमही लागतो. मुरूम घट्ट, म्हणूनच तिचा वेग जास्त. कोणती लहर किती वेगाने गेली याचा आलेख काढला की त्यावरून संगणक थर मांडतो. एकाच आलेखात थरांच्या दोन-तीन मांडण्या बसू शकतात, म्हणून जवळच्या एखाद्या बोअरशी ताळा घ्यावाच लागतो.

कृष्णाकाठी या पद्धतीचं मोल अधिक, ते पाण्यामुळे. ध्वनीसारख्या दाबलहरी पाण्यातून सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातात. त्यामुळे भिजलेली माती मऊ आहे की घट्ट, हे त्या नीट सांगत नाहीत. पृष्ठलहरींचा वेग मुख्यतः मातीच्या कणांच्या एकमेकांवरच्या पकडीवर, म्हणजे कणांना आडवं हलवणाऱ्या कर्तनलहरींच्या वेगावर ठरतो, आणि कर्तनलहर पाण्यातून जातच नाही. कर्तनलहरींचा हा वेग सेकंदाला १८० मीटरहून कमी असेल, तर भूकंप-अभियांत्रिकीत ती जमीन मऊ धरतात. अशा जमिनीत हादरा वाढतो. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा ६.३ तीव्रतेचा भूकंप सोसलेल्या भागात घर बांधण्याआधी हे तपासायलाच हवं.

घणाची पोच वीस-तीस मीटरपर्यंतच. कोयनेच्याच भागात, सातारा जिल्ह्यातल्या गोठण्याला तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपून थेट ग्रॅनाइटी खडक लागला, मध्ये गाळाचा थर नव्हता. एवढी खोली घणाच्या आवाक्यातली नव्हे.

समुद्रतळाच्या गाळालाही पृष्ठलहरींचं हेच तत्त्व लागू पडतं. तिथे पाणी आणि चिखल यांच्या सीमेवरून धावणाऱ्या लहरींना शोल्टे लहरी म्हणतात, आणि त्या टिपणारी उपकरणं तळावर ठेवावी लागतात. वरच्या चिखलात कर्तनलहरींचा वेग सेकंदाला १०० मीटरच्याही खाली जाऊ शकतो. समुद्रातल्या पवनचक्कीचा पाया किती खोल न्यायचा, हे ठरवताना अभियंत्याला हाच आकडा हवा असतो.