अंगणांतील नकाशा

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यांतील दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. तेथें वारली कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली पुष्कळ जमीन सरकारदप्तरीं मात्र ‘वन’ म्हणूनच लागलेली. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें अशा दाव्यांची पहिली तपासणी ग्रामसभेकडे सोंपविली; तिच्या वनहक्क समितीनें पुराव्याबरोबर नकाशाहि सिद्ध करावा, असें नियम सांगतात.

नकाशा करण्याची एक सोपी रीत १९९० नंतर भारतांत बरीच रूढ झाली. लोक जमिनीवरच रेषा ओढतात. ओढ्यासाठीं राख, घरांसाठीं खडे, झाडांसाठीं पानें मांडितात. कागद एकाच्या हातीं असतो, अंगण सर्वांचें. त्यामुळें अक्षरओळख नसलेली आजीहि पाणवठा चुकीच्या जागीं दिसतांच खडा उचलून सरकवूं शकते, आणि शेजारी तेथल्या तेथें हरकत घेतो. सर्वांचें एकमत झालें म्हणजे मगच तें कागदावर उतरावयाचें.

एकाच भावानें लिहिलेल्या यादीवरून वाटण्या झाल्या म्हणजे काय होतें, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नको. सर्वांदेखत मांडणी केल्यानें तंटा टळतोच असें नाहीं. परंतु तो दप्तरांत दडून न राहतां अंगणांत उघड होतो, आणि तेथें तो मिटविणें पुष्कळ सोपें.