४४४ दिवस की २६ वर्षं?

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. दहावीनंतर मराठीत सलग एवढं पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

तर झालं काय, मागच्या सेमिस्टरला सबमिशन संपल्याच्या रात्री आमच्या विंगमधल्या सहाजणी एका लॅपटॉपभोवती बसून 'आर्गो' सिनेमा पाहत होतो. तेहरानमध्ये अमेरिकी दूतावासात घुसणारी पोरं, घाबरलेले कर्मचारी, निसटलेले सहाजण... संपल्यावर सगळ्यांचं एकच मत, "काय माथेफिरू लोक आहेत!" मलाही तेच वाटलं. नंतर कळलं की सिनेमाच्या अगदी सुरुवातीला मागची गोष्ट थोडक्यात सांगितली होती, आणि नेमकं तेव्हा आम्ही मॅगीच्या वाटण्यांवरून भांडत होतो. हा लेख त्या हुकलेल्या दोन मिनिटांवर.

गोष्ट सुरू होते तेलापासून. १९०८ मध्ये इराणात तेल सापडलं. काढणारी कंपनी इंग्रजांची, आणि १९१४ पासून तिचा मोठा हिस्सा खुद्द ब्रिटिश सरकारचा. तेल इराणचं, पण मलई ब्रिटनला. १९५१ मध्ये इराणच्या संसदेने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि मोहम्मद मोसद्देक पंतप्रधान झाले. ब्रिटनने इराणी तेलावर बहिष्कार घालून नाक दाबलं, पण तोंड काही उघडेना. मग त्यांनी अमेरिकेला गळ घातली. शीतयुद्धाचे दिवस, इराण कम्युनिस्टांच्या हाती जाईल ही भीती. ऑगस्ट १९५३ मध्ये सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेरांनी मिळून मोसद्देक यांचं सरकार पाडलं. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पहिला प्रयत्न फसला तेव्हा शहा मोहम्मद रेझा पहलवी देश सोडून पळाले होते. १९ ऑगस्टला दुसरा प्रयत्न जमला आणि ते परत येऊन गादीवर बसले. म्हणजे पळालेला राजा परक्यांच्या मदतीने परत येऊ शकतो, हे इराणी माणसाने डोळ्यांनी पाहिलं.

पुढची पंचवीस वर्षं शहांच्या मागे अमेरिका. १९५७ मध्ये 'सावाक' ही गुप्त पोलीस संघटना उभी राहिली. विरोधी पक्ष, वर्तमानपत्रं, सगळ्यांची तोंडं बंद. आपण मेकॅनिकलवाले सांगू शकतो की सेफ्टी व्हॉल्व्ह वेल्ड करून टाकला की आतलं प्रेशर कमी होत नाही, फक्त बाहेरून सगळं शांत दिसतं. ३१ डिसेंबर १९७७ ला राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तेहरानमध्येच इराणला स्थैर्याचं बेट म्हटलं. वर्षभरात रस्ते माणसांनी भरले. १६ जानेवारी १९७९ ला शहा गेले आणि १ फेब्रुवारीला खोमेनी परतले.

आता गंमत बघा. क्रांती झाली म्हणून लगेच संबंध तुटले नाहीत. फेब्रुवारीत दूतावासावर एक हल्ला झाला होता, पण नव्या सरकारच्याच माणसांनी येऊन हल्लेखोरांना बाहेर काढलं. दूतावास चालू राहिला.

ठिणगी पडली २२ ऑक्टोबरला. कॅन्सर झालेल्या शहांना अमेरिकेने उपचारासाठी न्यूयॉर्कला येऊ दिलं. अमेरिकेच्या मते ही माणुसकी. तेहरानमध्ये मात्र लोकांना १९५३ आठवलं. राजा पळालाय, अमेरिकेत पोचलाय, आणि त्या वेळच्या कटाची सूत्रं जिथून हलली तो दूतावास अजून आपल्याच शहरात आहे! ४ नोव्हेंबरला विद्यार्थी आत घुसले. हे विद्यार्थी कोण? तेहरानच्या विद्यापीठांतले, त्यात पॉलिटेक्निक आणि शरीफ विद्यापीठातली इंजिनिअरिंगची मुलंही होती. म्हणजे आपल्याच वयाची. थोडे दिवस ठिय्या द्यायचा, एवढाच त्यांचा बेत होता.

पण खोमेनींनी पाठिंबा दिला आणि पंतप्रधान बाझरगान यांनी दोन दिवसांत राजीनामा दिला. माझ्या मते खरा राजनैतिक पेच इथे सुरू झाला. जमाव आत घुसला तर तो गुन्हा, आणि सरकार पोलीस पाठवून निस्तरू शकतं. पण सरकारच "बरोबर केलं" म्हणालं, की भांडण दोन देशांचं होतं.

१९६१ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे यजमान देशाला दूतावासात परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि वकिलांना अटक करता येत नाही. मग ते हेरगिरी करत असतील तर? त्यालाही करारात उपाय आहे: "तुम्ही आम्हाला नकोत" असं सांगून घरी पाठवा. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात इराण हजर झाला नाही. पत्र मात्र पाठवलं, की पंचवीस वर्षांच्या हस्तक्षेपापुढे हा प्रश्न दुय्यम आहे. २४ मे १९८० च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की त्या तक्रारी खऱ्या धरल्या तरी माणसं ओलीस ठेवण्याचं समर्थन होत नाही. मला हे पटलं. राग खरा होता, पण दूतावासातल्या कारकुनाने १९५३ चं काय देणं लागायचं?

किंमत सगळ्यांनीच मोजली. ५२ जण ४४४ दिवस कैदेत. एप्रिल १९८० मध्ये अमेरिकेने संबंध तोडले. त्याच महिन्यात सुटकेची लष्करी मोहीम वाळवंटात फसली आणि ८ अमेरिकी सैनिक गेले. इराणचे परदेशातले पैसे गोठले, आणि सप्टेंबरमध्ये इराकने हल्ला केला तेव्हा एकट्या पडलेल्या इराणच्या बाजूने बोलणारं फारसं कोणी नव्हतं. शेवटी अल्जीरियाच्या मध्यस्थीने २० जानेवारी १९८१ ला सुटका झाली. आत घुसलेल्या त्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण पुढे सुधारणांची भाषा बोलू लागले आणि आपल्याच सरकारच्या तुरुंगात जाऊन आले.

अमेरिकी माणूस ही गोष्ट १९७९ पासून सांगतो, इराणी माणूस १९५३ पासून. मेसमधल्या भांडणातही हेच होतं ना? एक म्हणते "काल तू असं बोललीस," दुसरी म्हणते "आणि गेल्या महिन्यात तू काय केलंस?" दोघी खऱ्या असतात, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

परवा आम्ही सिनेमा पुन्हा लावला. या वेळी मॅगी आधीच संपवून. पहिली दोन मिनिटं कोणी बोललं नाही. शेवटी माझी रूममेट एवढंच म्हणाली, "अगं, आपण तर अर्ध्यातून पाहिला होता."